अमेरिकेचे स्वातंत्र्य, मर्यादित शासन आणि बाबासाहेबांचे संविधान

(संविधान दिनाच्या कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



संस्थेने आम्हाला चार विचार मांडण्याची संधी दिली, याबद्दल आम्ही कार्यकारी मंडळाचे आभारी आहोत. संविधान दिनाला आपण बाबासाहेबांच्या परिश्रमांचे स्मरण करतो, उद्देशिकेचे वाचन करतो आणि घरी जातो. आज आम्ही थोडा दूरचा वाटणारा विषय घेतला आहे. अमेरिकेच्या सुरुवातीच्या काळात स्वातंत्र्याचा आणि मर्यादित शासनाचा विचार कसा निर्माण झाला, बाबासाहेबांनी त्यातून काय घेतले आणि त्यात काय कमी पडते म्हणून नव्याने घातले, हा तो विषय आहे. खापरखेड्यात बसून अमेरिकेचा इतिहास कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, १९१३ ते १९१६ अशी तीन वर्षे बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. ज्या देशाने राजसत्तेला लेखी कायद्याने बांधले, तो देश त्यांनी तरुण वयात जवळून पाहिला. त्या देशाचे मोठेपण त्यांनी ओळखले आणि त्याची त्रुटीही ओळखली.

प्रथम अमेरिकेची हकिगत थोडक्यात पाहू. अटलांटिक किनाऱ्यावर इंग्लंडच्या तेरा वसाहती होत्या. १७६५ साली इंग्लंडच्या संसदेने तेथील कागदपत्रांवर मुद्रांक कर बसविला. त्या संसदेत वसाहतींचा एकही प्रतिनिधी नव्हता. ज्या सभेत आमचा माणूस नाही त्या सभेने आमच्यावर कर का लादावा, असा प्रश्न लोकांनी केला. वाद वाढत गेला. १६ डिसेंबर १७७३ रोजी बोस्टनच्या बंदरात चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्या गेल्या. ४ जुलै १७७६ रोजी स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला. सर्व माणसे समान निर्माण झाली आहेत, काही हक्क त्यांच्यापासून हिरावून घेता येत नाहीत आणि शासनाला अधिकार मिळतो तो जनतेच्या संमतीने, असा त्याचा आशय होता. तो मुख्यतः थॉमस जेफरसन यांनी लिहिला.

स्वातंत्र्य मिळाल्यावर खरा प्रश्न पुढे आला. परका राजा गेला, पण आपलेच सरकार उद्या जुलमी झाले तर काय करायचे? १७८७ साली फिलाडेल्फिया येथे जमलेल्या प्रतिनिधींनी यावर तोड काढली. कायदा करणारे एक मंडळ, अंमल करणारा दुसरा अधिकारी आणि न्याय देणारे तिसरे न्यायालय, अशी सत्तेची विभागणी त्यांनी केली. कोणा एकाच्या हाती सर्व किल्ल्या राहू नयेत हा त्यामागील हेतू होता. तरीही लोकांचे समाधान झाले नाही. आमचे हक्क लिहून द्या, असा आग्रह त्यांनी धरला. त्यातून जेम्स मॅडिसन यांच्या पुढाकाराने हक्कांची सनद तयार झाली आणि १५ डिसेंबर १७९१ रोजी पहिल्या दहा दुरुस्त्या अमलात आल्या. सरकारने कोणताही धर्म प्रस्थापित करू नये, भाषण, वृत्तपत्र आणि सभा यांवर गदा आणू नये, विनाकारण घराची झडती घेऊ नये, योग्य न्यायप्रक्रियेशिवाय कोणाचा जीव, स्वातंत्र्य किंवा मालमत्ता घेऊ नये, अशा गोष्टी तिच्यात आहेत. पुढे १८०३ साली मुख्य न्यायाधीश जॉन मार्शल यांनी मार्बरी विरुद्ध मॅडिसन या खटल्यात, संविधानाशी विसंगत असलेला कायदा कायदाच नव्हे, असा निर्णय दिला. मर्यादित शासन म्हणतात ते यालाच. शासन असावे, समर्थ असावे, पण त्याने कुठे थांबायचे हे आधीच ठरलेले असावे.

आपल्या गावच्या लोकांना हे समजावून सांगणे अवघड नाही. आपल्या वीज केंद्रातील टर्बाइन मिनिटाला तीन हजार फेरे घेते. त्याला गव्हर्नर नावाचे यंत्र जोडलेले असते. वेग वाढू लागला की ते वाफ कमी करते, आणि ठरलेल्या मर्यादेपलीकडे वेग गेला तर वाफ पूर्ण बंद होऊन यंत्र थांबते. गव्हर्नर हा टर्बाइनचा शत्रू नाही. तो नसेल तर टर्बाइन स्वतःही फुटेल आणि भोवतालच्या माणसांनाही घेऊन जाईल. सत्तेच्या यंत्राला संविधान हे असेच जोडलेले आहे.

आता दुसरी बाजू पाहू. ज्या जेफरसन यांनी सर्व माणसे समान आहेत असे लिहिले, त्यांच्या मालकीचे आयुष्यभरात सहाशेहून अधिक गुलाम होते. १७८७ च्या संविधानात गुलाम हा शब्द कुठेही नाही, पण गुलामगिरीची सोय मात्र जागोजागी आहे. प्रतिनिधींची संख्या ठरविताना गुलामांची गणना तीन पंचमांश धरावी, १८०८ पूर्वी गुलामांच्या आयातीवर बंदी घालू नये, पळून गेलेला गुलाम मालकाला परत करावा, ही कलमे त्यात होती. १८५७ साली ड्रेड स्कॉट खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने काळ्या वंशाचा माणूस अमेरिकेचा नागरिक होऊ शकत नाही असे सांगितले. शेवटी १८६१ ते १८६५ असे चार वर्षांचे यादवी युद्ध झाले, तेव्हा १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी संपली.

मित्रहो, असे का झाले? अमेरिकेच्या धुरीणांना एकच भीती दिसत होती, ती सरकारची. त्यांनी सरकारचे हात बांधले. पण मळ्याच्या मालकाच्या हातातील चाबूक तसाच राहिला. उलट, सरकारने आमच्या मालमत्तेत हात घालू नये, ही मालकाची ढालच झाली. कारण त्याच्या हिशेबात माणूस हीच मालमत्ता होती.

ही गोष्ट महाराष्ट्रात सर्वांत आधी ओळखली ती महात्मा जोतीराव फुले यांनी. तरुणपणी त्यांनी थॉमस पेन यांचा मानवी हक्कांवरील ग्रंथ वाचला होता. पेन हे अमेरिकन क्रांतीचे लेखक. त्यांच्या १७७६ च्या पुस्तिकेत त्यांनी समाज आणि शासन यांत फरक केला आहे. समाज हा माणसाच्या गरजांतून जन्मतो, म्हणून तो कल्याणकारी, आणि शासन माणसाच्या दुर्गुणांमुळे लागते, म्हणून ते फार तर एक अपरिहार्य संकट, असा त्यांचा विचार होता. जोतीरावांनी पेन यांच्याकडून माणसाच्या हक्काचा विचार घेतला. पण समाज कल्याणकारी आहे, हे पुण्यातील शूद्रातिशूद्र कसे मान्य करणार? त्यांच्या सावलीचा विटाळ मानणारा समाजच होता. म्हणूनच १८७३ साली 'गुलामगिरी' प्रसिद्ध करताना जोतीरावांनी ते पुस्तक अमेरिकेतील त्या सदाचारी लोकांना अर्पण केले, ज्यांनी निग्रोंना दास्यातून मुक्त करण्यासाठी झीज सोसली. १७७६ च्या राज्यकर्त्यांना त्यांनी ते अर्पण केले नाही. ही निवड विचारपूर्वक होती, असे आम्हाला वाटते.

समाजाची जुलूमशाही म्हणजे काय, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण महाडचे आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या विधिमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. सरकारी खर्चाने बांधलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा ही स्थळे अस्पृश्यांना खुली झाली. महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. म्हणजे सरकारचा अडथळा उरला नव्हता. कागदावर आपण स्वतंत्र होतो. पण पाण्याला हात लावण्याची कोणाची हिंमत नव्हती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले, तेव्हा शासनाने नव्हे तर समाजाने आपल्या माणसांची डोकी फोडली. पुढे तळ्याचे शुद्धीकरण झाले, दिवाणी दावा झाला आणि तो दावा उच्च न्यायालयात आपल्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडले.

हा अनुभव ज्याच्या गाठीशी आहे, तो मनुष्य केवळ सरकारचे हात बांधून समाधान मानणार नाही. जानेवारी १९४३ मध्ये पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या जयंतीनिमित्त झालेल्या भाषणात बाबासाहेबांनी सांगितले की, सरकार करू शकते त्यापेक्षा कितीतरी अधिक जुलूम समाज व्यक्तीवर करू शकतो आणि समाजाजवळची साधनेही अधिक व्यापक असतात. १९४७ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे त्यांनी संविधान सभेसाठी निवेदन तयार केले. हे फेडरेशन आपल्या नागपुरातच जुलै १९४२ मध्ये स्थापन झाले होते. त्या निवेदनात त्यांनी सरळ प्रश्न केला. शासनाने हात आखडता घेतला की स्वातंत्र्य उरते म्हणतात, पण ते कोणाला उरते? जमीनदाराला खंड वाढविण्याचे, मालकाला मजुरी कमी करण्याचे. म्हणून सरकारच्या सत्तेला मर्यादा हवी आणि बलवान माणसाच्या सत्तेलाही मर्यादा हवी. त्याच निवेदनात सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवावा अशी मागणी आहे.

आपले संविधान या दृष्टीने वाचून पाहा. कलम १३ सांगते की मूलभूत हक्कांशी विसंगत कायदा तेवढ्यापुरता रद्द. हे अमेरिकेच्या धर्तीवर आहे. पण कलम १५ चे दुसरे पोटकलम दुकान, हॉटेल, विहीर, तलाव, घाट, रस्ता यांची नावे घेते. हॉटेल सरकार चालवीत नाही, तेथे बंधन मालकावर आहे. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली, ती सरकारपुरती नव्हे, प्रत्येकाच्या घरादारापुरती. कलम २३ ने वेठबिगार बंद केली. अमेरिकेला माणसाच्या मालकीवर बंदी घालायला पहिल्या सनदेनंतर ७४ वर्षे आणि एक युद्ध लागले. आपल्याकडे ही कलमे पहिल्याच दिवसापासून आहेत. आणि हे सर्व हक्क कागदावर राहू नयेत म्हणून थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा हक्क देणारे कलम ३२ आहे. ९ डिसेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी त्याला संविधानाचा आत्मा आणि हृदय म्हटले होते.

बहिष्काराविरुद्धच्या कायद्याला मात्र वेळ लागला. १९५५ च्या अस्पृश्यता कायद्यात त्याचा अंशतः विचार होता. अनुसूचित जाती-जमातींवरील सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार हा स्पष्ट शब्दांत गुन्हा झाला तो अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या दुरुस्तीने, २६ जानेवारी २०१६ पासून. जात पंचायतींकडून होणाऱ्या बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने त्याच वर्षी स्वतंत्र कायदा संमत केला. १९४७ च्या मागणीनंतर ६९ वर्षे! कायद्याला इतका काळ लागतो, तर मन बदलायला किती लागेल, याचा विद्यार्थ्यांनी विचार करावा.

आता सरकारच्या बाजूकडे परत येऊ. समाज जुलमी आहे म्हणून सरकारच्या हाती वाटेल तेवढी सत्ता द्यावी, असे बाबासाहेबांनी कधीही म्हटले नाही. कलम २१ चा इतिहास येथे महत्त्वाचा आहे. अमेरिकेतील 'योग्य न्यायप्रक्रिया' हे शब्द आपल्या मसुद्यातून वगळले गेले. घटनात्मक सल्लागार बेनेगल नरसिंह राव अमेरिकेला जाऊन तेथील न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांना भेटले होते आणि त्यांच्या मताचा परिणाम झाला होता. त्याऐवजी 'कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती' असे शब्द आले. म्हणजे विधिमंडळाने कायदा केला की तो वाईट असला तरी माणूस तुरुंगात. डिसेंबर १९४८ मध्ये बाबासाहेबांनी दोन्ही बाजूंचे धोके सभेपुढे ठेवले आणि निर्णय सभेवर सोपविला. सभेने मसुदा तसाच ठेवला. तेव्हा सप्टेंबर १९४९ मध्ये त्यांनी आज कलम २२ म्हणून ओळखले जाणारे कलम आणले. अटकेचे कारण सांगितलेच पाहिजे, वकिलाचा सल्ला घेऊ दिला पाहिजे, चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे. कलम २१ मध्ये जे गमावले त्याची ही भरपाई आहे, अशी त्यांची भूमिका होती. आज पोलीस ठाण्यात आपल्या वस्तीतील एखाद्या गरीब पोराला कोणी विचारणारे असेल, तर ते या चोवीस तासांच्या बळावर.

उरलेली त्रुटी आणीबाणीत दिसली. जून १९७५ नंतर हजारो लोक खटल्याविना तुरुंगात गेले. त्यांची गाऱ्हाणी ऐकता येतात, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासह अनेक उच्च न्यायालयांनी म्हटले. परंतु २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने दार बंद केले. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना विरोधात उभे राहिले आणि पुढे त्यांचे सरन्यायाधीशपद डावलले गेले. १९७८ च्या मनेका गांधी खटल्याने कार्यपद्धती न्याय्य व वाजवी असली पाहिजे असे ठरविले. ४४ व्या दुरुस्तीने आणीबाणीतही कलम २१ स्थगित करता येणार नाही अशी तरतूद झाली. आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने १९७६ चा तो निर्णय चुकीचा होता असे स्वतःच जाहीर केले. गव्हर्नर यंत्राला जोडलेला असला तरी तो चालू स्थितीत आहे की नाही, हे माणसांनाच पाहावे लागते.

बौद्ध म्हणून आपल्याला या मर्यादित शासनाचे सर्वांत मोठे फळ कोणते मिळाले, असे विचारले तर आम्ही १४ ऑक्टोबर १९५६ हा दिवस सांगू. नागपूरच्या भूमीवर लाखो लोकांनी धम्म स्वीकारला आणि त्यासाठी कोणत्याही कचेरीत अर्ज करावा लागला नाही. माणसाच्या अंतःकरणात सरकारने पाऊल ठेवू नये, हे तत्त्व कलम २५ मध्ये होते. पण सरकारने अडविले नाही, तरी किंमत मात्र वसूल केली. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या आदेशात बौद्धांना स्थान नव्हते, म्हणून केंद्राच्या सवलती गेल्या. त्या परत मिळायला १९९० साल यावे लागले. चौतीस वर्षांत एक पिढी शिकून नोकरीच्या वयाबाहेर गेली. आणि एप्रिल २०२४ मध्ये शेजारच्या गुजरात राज्याच्या गृह विभागाने परिपत्रक काढले की, हिंदू धर्मातून बौद्ध धम्मात जाण्यासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागेल. १९५६ साली अशी परवानगी मागावी लागली असती तर काय झाले असते, याची कल्पना प्रत्येकाने करावी.

उपासक-उपासिकांनो, मर्यादित सत्तेचा विचार आपल्याला केवळ परदेशातून आला असे समजू नये. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी संविधान सभेला भिक्खू संघाची आठवण करून दिली. संघाच्या सभेला आसनव्यवस्था होती, ठराव मांडण्याची रीत होती, गणसंख्या होती, शलाकांनी गुप्त मतदान होते. भगवान बुद्धांनी आपल्यामागे कोणी उत्तराधिकारी नेमला नाही, धम्म हाच शास्ता असे सांगितले. म्हणजे व्यक्तीपेक्षा नियम श्रेष्ठ. याच भाषणात त्यांनी जेफरसन यांच्या विचाराचा आधार घेतला की, एका पिढीने पुढच्या पिढीला कायमचे बांधून ठेवू नये. आणि याच भाषणात त्यांनी बजावले की, कितीही थोर माणूस असला तरी आपले स्वातंत्र्य त्याच्या पायाशी वाहू नका. धर्मात भक्ती मुक्तीकडे नेत असेल, राजकारणात ती अधःपतनाकडे आणि हुकूमशाहीकडे नेते.

ही गोष्ट दिल्लीपुरती नाही, ती आपल्या विहारालाही लागू आहे. संस्थेचा हिशेब वर्षाला सर्वसाधारण सभेपुढे येतो का? पदाधिकाऱ्यांची मुदत संपली की निवडणूक होते का? एखाद्या तरुणाने किंवा महिला मंडळातील भगिनीने उठून प्रश्न विचारला तर तिला उत्तर मिळते की खाली बसविले जाते? जो समाज आपल्या दहा-बारा जणांच्या कार्यकारिणीला नियमात ठेवू शकत नाही, तो राज्य सरकारला आणि केंद्र सरकारला कसा नियमात ठेवणार? आणि घरात? मुलगी कोणाशी लग्न करणार, किती शिकणार, हे तिला न विचारता ठरविणारा बाप घरापुरता तेरा वसाहतींवरचा राजाच नव्हे काय?

विद्यार्थी मित्रांनो, संविधानातील कलम १२ ते ३५ फार लांबलचक नाहीत. ती मराठीत उपलब्ध आहेत. या वर्षात ती एकदा पूर्ण वाचा, आणि प्रत्येक कलमापुढे दोन प्रश्न लिहा. हे कलम सरकारला अडविते की समाजाला? आणि आपल्या गावात त्याची कधी गरज पडली? हा अभ्यास केलात तर परीक्षेपलीकडे तो उपयोगी पडेल. वडीलधाऱ्यांनी त्यांना स्वतः पाहिलेले सांगावे. कोणत्या विहिरीवर पाणी मिळत नव्हते, कोणाचे काम कोणी बंद केले होते, हे लिहून ठेवले नाही तर पुढच्या पिढीला कलम १७ कशासाठी आहे तेच कळणार नाही.

अमेरिकेने जगाला शिकविले की राजाला कायद्याने बांधता येते. जोतीराव आणि बाबासाहेब यांनी शिकविले की शेजाऱ्यालाही कायद्याने बांधावे लागते, आणि त्यानंतर जे उरते ते बंधुत्वाने करावे लागते. यातील पहिली दोन कामे संविधानाने आपल्या हाती दिली आहेत. तिसरे काम आपल्याकडे आहे.



नमो बुद्धाय! जयभीम! जय संविधान!